सोलापुरात मेक्सिकन आठवडा: मार्चमध्ये करू की मेमध्ये? आणि मक्याची पोळी का फाटते?

छोटा_गल्ला

नमस्कार मंडळी. विजापूर रोडला माझं छोटं शाकाहारी हॉटेल आहे, आठ टेबलांचं. दुपारी थाळी, संध्याकाळी डोसा-पावभाजी. पण लोक मुख्यतः येतात ते कडक भाकरी, शेंगाभाजी आणि शेंगाचटणीसाठी. भाकरी थापणाऱ्या अक्का हॉटेल उघडल्यापासून आमच्याकडे आहेत. मी गल्ल्यावर नसलो तरी चालतं, त्या नसल्या की शटर अर्धं खाली.

गड्ड्याच्या यात्रेला पुतणी पुण्याहून आली होती. हॉटेल मॅनेजमेंट शिकते. तिनं डोक्यात भुंगा सोडलाय: "काका, ५ मेला मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन असतो. त्या आठवड्यात मेक्सिकन मेनू लावा, कॉलेजची पोरं रांग लावतील." कल्पना मला आवडली. आपल्याकडं नवीन म्हणजे काय, तर कुठल्याही पदार्थावर शेजवान सॉस नाहीतर चीज. एकदा काहीतरी मनापासून वेगळं करून बघावं असं मलाही वाटतंय.

पण अडचणी बघा. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं पारा बेचाळीसच्या वर. दुपारी गिऱ्हाईक सोडा, रस्त्यावर सावलीसुद्धा दिसत नाही. मुलं सुट्टीला गावी गेलेली. भटारखान्यात तव्यापुढं उभं राहणाऱ्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू की आज जास्तीचे पदार्थ आहेत?

दुसरं, ॲव्होकाडो. जो मिळतो तो बाहेरून आलेला, भाव ऐकून हात मागं येतो, आणि कापल्यावर कधी दगड निघतो तर कधी काळा गाळ.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं, मक्याची पोळी. गिरणीतून मका दळून आणला, गरम पाण्यात पीठ मळलं. अक्कांनी भाकरी झकास थापली, फुगलीही. पण सारण घालून घडी घातली की मधोमध चीर. पुतणीनं डब्यातलं कॉर्नफ्लोअर मिसळायला सांगितलं, तर पोळी सायकलच्या ट्यूबसारखी झाली. मैदा घातला तर जमतंय, पण मग ती फ्रँकीच की. चाळीस पावलांवर फ्रँकीची गाडी उभी असते, माझ्याकडं कोण येईल?

तर कुणी तिकडं राहून आलं असेल, कुणाला पिठातलं कळत असेल, त्यांनी सांगा. हॉटेल शुद्ध शाकाहारी आहे, अंडंही नाही. आणि कृपा करून "यूट्यूब बघा" असं लिहू नका. बघून झालंय.

पुएब्लातून_परत

दादा, मी गाड्यांच्या कारखान्याच्या कामानं मेक्सिकोतल्या पुएब्लात राहून आलोय. मूळचा बार्शीचा. त्यामुळं तुमच्या प्रश्नात दोन्हीकडून जीव अडकलाय.

आधी पुतणीची तारीख दुरुस्त करा, नाहीतर कुणीतरी फलकाचा फोटो काढून हसेल. ५ मे हा स्वातंत्र्यदिन नाही. तो १६ सप्टेंबरला असतो, १८१० च्या उठावाची आठवण म्हणून. ५ मे १८६२ ला पुएब्ला शहराजवळ इग्नासियो सारागोसाच्या फौजेनं फ्रेंचांना हरवलं, तो हा दिवस. मेक्सिकोनं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, त्या निमित्तानं फ्रान्स चालून आला होता. पुढच्या वर्षी फ्रेंचांनी पुएब्ला घेतलंच, पण त्या एका दिवसाचा अभिमान राहिला तो राहिला. पुएब्लात मोठं संचलन निघतं. बाकी देशात फारसं काही नसतं. जो काही दंगा टीव्हीवर दिसतो तो अमेरिकेतला, आणि तोही बराचसा बिअर विकणाऱ्यांनी वाढवलेला. शिवाय पुएब्ला दोन हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. तिथला मे आणि सोलापूरचा मे यांची तुलनाच नको.

माझं ऐका, मार्च धरा. २१ मार्च हा बेनितो हुआरेझचा जन्मदिवस, तिथं त्यासाठी सार्वजनिक सुट्टी असते. ओआहाका प्रांतातल्या एका सापोतेक आदिवासी कुटुंबात १८०६ साली जन्मलेला हा माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. आणि गंमत म्हणजे ५ मेची लढाई झाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष हाच होता. म्हणजे पुतणीचा ५ मे पण यात येतोच, उन्हाचे चटके तेवढे वाचतात.

मार्च घ्यायचं खरं कारण मात्र तुमच्या शाकाहाराशी जोडलेलं आहे. इस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तिकडं उपासाचे. भाविक लोक शुक्रवारी मांस खात नाहीत. मासे-कोळंबी चालते, ती तुम्ही सोडा. पण त्या काळात घराघरांत आणि खानावळीत जे बिनमांसाचं शिजतं ते इतकं आहे की तुम्हाला "चिकनच्या जागी पनीर" हा खेळ करायची गरजच नाही. भाजून साल काढलेल्या मोठ्या मिरचीत चीज भरून टोमॅटोच्या पातळ रश्श्यात सोडतात. तिकडं अंड्याच्या फेसात बुडवून तळतात, तुम्ही तसंच सोडा, बिघडत नाही. भावनगरी मिरचीची साल फार पातळ, भाजताना हाती काही उरत नाही, म्हणून लहान ढोबळी घ्या. भोपळ्याची फुलं आणि चीज घालून दुमडलेली पोळी करतात. आणि कापिरोतादा नावाचा गोड पदार्थ तर तुमच्यासाठीच आहे: शिळा पाव भाजून, दालचिनी-लवंग घातलेल्या गुळाच्या पाकात भिजवून, वर शेंगदाणे, बेदाणे आणि चीज घालून भट्टीत ठेवायचा. लादीपाव उरतोच ना पावभाजीचा?

ॲव्होकाडो विसरा. कूर्ग आणि कोडाईकडचं बटर फ्रूट, म्हणजे आपल्याकडचं ॲव्होकाडो, पावसाळ्याच्या सुमारास भरात येतं. मार्चमध्ये हट्ट करण्यात अर्थ नाही. ग्वाकामोले (ॲव्होकाडोची चटणी) नसलेलं मेक्सिकन जेवण मी तिथं रोज जेवत होतो. त्याऐवजी चटण्यांवर जोर द्या. व्हेराक्रूसकडं साल्सा माचा म्हणून एक प्रकार आहे. सुकी लाल मिरची, शेंगदाणे, लसूण, तीळ तेलात तळून भरड वाटतात आणि त्याच तेलात ठेवतात. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी बार्शीला फोन लावला होता. तुमच्या अक्कांना हे शिकवायला पाच मिनिटं पुरतील. मिरची बेडगी घ्या, रंग येतो आणि जाळत नाही. थोडी लवंगी घाला, नाहीतर सोलापूरकर म्हणतील गोड आहे. लिंबाचीही काळजी नको. तिथं पदोपदी जे पिळतात ते आपलंच कागदी लिंबू, आशियातून स्पॅनिशांनी नेलेलं.

मोले करू नका. पुएब्लाचं मोले म्हणजे तीन-चार जातींच्या सुक्या मिरच्या, तीळ, दाणे, मसाले आणि थोडं चॉकलेट, तासन्‌तास आटवलेलं. त्या मिरच्या इथं मिळत नाहीत. बेडगी आणि चॉकलेट एकत्र करून जे होईल ते मी खाणार नाही.

लई_तिखट

काय राव, एवढं इतिहास भूगोल सांगून पोरं येणार हाईत का? येतेत आणि पयलं विचारतेत, नाचोज हाय का. नाही म्हणलं की पुढल्या गल्लीत जातेत. चीज घाल बे भरपूर, फोटोत तार आली पायजे. बाकी तुझी कडक भाकरी एक नंबर.

पुएब्लातून_परत

तिखटराव, नाचोजला माझा विरोध नाही. तेही मेक्सिकोतच जन्मलं. पिएद्रास नेग्रास या सरहद्दीवरच्या गावात १९४३ च्या सुमारास अमेरिकन बायकांचा घोळका हॉटेलात आला, आचारी जागेवर नव्हता, तेव्हा इग्नासियो अनाया या माणसानं हाताशी होतं त्यातून हे जुळवलं. पोळीचे तळलेले तुकडे, चीज, मिरचीच्या चकत्या. इग्नासियोला लाडानं नाचो म्हणतात. ठेवा एक प्लेट. फक्त पाकिटातले चिप्स आणि डब्यातला पिवळा सॉस नको, आदल्या दिवशीच्या उरलेल्या मक्याच्या पोळ्या तळा.

पीठ_आणि_पाणी

पोळीचं मी सांगते. अन्नतंत्र हा माझा शिकवण्याचा विषय आहे, शिवाय माहेर मंगळवेढ्याचं, म्हणजे भाकरीतलंही कळतं.

अक्कांच्या हाताचा काही दोष नाही. मक्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हाची कणीक चिवट करणारा भाग, नसतं. ज्वारीतही नसतं, म्हणून आपण उकळतं पाणी घालतो, त्यानं पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि भाकरी थापण्यापुरती धरून राहते. पण घडी सोसायला तेवढं पुरत नाही. मेक्सिकोत पोळीसाठी मका कोरडा दळतच नाहीत. तो आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात. चुन्यानं दाण्याचं वरचं टरफल सुटतं, पेशींना बांधून ठेवणारा भाग विरघळून चिकटपणा देतो, आणि मग दळलेला गोळा कणकेसारखा वागतो. ही युक्ती तिथल्या लोकांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. तिचा आणखी एक फायदा: मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की नुसता मका खाऊन ते अंगी लागत नाही, चुन्यानं ते मोकळं होतं. युरोपात मका गेला पण चुना गेला नाही, आणि इटली-स्पेनमधल्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा हा नियासिनच्या अभावाचा रोग पसरला.

आता कृती. वाळलेला मका एक किलो, निवडून. लाह्यांचा नको, स्वीटकॉर्न तर नकोच. पाणी तीन लिटर. खाण्यायोग्य चुना दहा ग्रॅम, म्हणजे मक्याच्या एक टक्का. पानाचा बिनवासाचा पांढरा चुना चालतो, पण त्यात पाणी असतं म्हणून थोडा जास्त लागेल. भिंतीला लावायचा चुना चुकूनही आणू नका. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर चुन्याचा परिणाम होतो, आणि हॉटेलात पातेली बहुतेक तीच असतात म्हणून मुद्दाम सांगते. मंद आचेवर पाऊण ते एक तास. आपला मका टणक असतो, घाई करू नका. दाणा बोटांत चोळला की साल निसटली पाहिजे, पण आतून तो कच्चट राहिला पाहिजे. गॅस बंद करून झाकून रात्रभर ठेवा. सकाळी पिवळं पाणी ओतून द्या, चोळून दोनतीन पाण्यांनी धुवा. साल थोडी राहिली तरी चालते, तीच धरून ठेवते.

दळणं ही खरी परीक्षा. गिरणीवाला ओला मका घेणार नाही. डोशाचं वेट ग्राइंडर तुमच्याकडे आहेच. त्यात अगदी थोडं थोडं पाणी घालत वाटा, डोशाच्या पिठासारखं सैल होऊ देऊ नका. सैल झालंच तर साधं मक्याचं पीठ भुरभुरून घट्ट करा. अर्धा तास झाकून ठेवा. लिंबाएवढा गोळा, दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून पुरीच्या यंत्रात दाबा. कडा चिरल्या तर पाणी कमी, कागदाला चिकटलं तर जास्त. तवा चांगला तापलेला. आधी एक बाजू अगदी थोडा वेळ, मग दुसरी जास्त, मग पुन्हा पहिली, म्हणजे फुगते. एक किलो मक्यात पन्नासेक लहान पोळ्या व्हायला हरकत नाही.

आणि भाजल्या भाजल्या वाढू नका! एकावर एक रचून जाड कापडात दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, आपल्याच वाफेनं मऊ होतात. सोलापुरात टॉवेलचा काय तोटा.

कडक भाकरीवर सारण घालून देण्याचा विचार मनात असेल तर तोही वाईट नाही. मेक्सिकोत कडक पोळीवर राजम्याचा लेप आणि वर सगळं रचून देतात, त्याला तोस्तादा म्हणतात. ज्या दिवशी मका बिघडेल त्या दिवशी अक्का आणि मालदांडी ज्वारी तुमची अब्रू राखतील.

छोटा_गल्ला

ताई, तुमचं लिहिलेलं वाचून मी थेट पानपट्टीवर गेलो. पानवाला म्हणाला, पातेलंभर मका रंगवणार का?

अक्कांना चुन्याचं सांगितलं तर त्यांनी आधी कपाळावर हात मारला, मग म्हणाल्या, तंबाखूत चालतो तर मक्यात का नाही. सालं सुटलेली बघून मात्र गप्प झाल्या. पहिल्या घाण्यात ग्राइंडरमध्ये पाणी जास्त झालं, पण कोरडं पीठ लावून सावरलं. घडी बसते! चीर नाही. आणि वास! भाजताना जो वास येतो तो साध्या मक्याच्या भाकरीला अजिबात नसतो, शेजारचा झेरॉक्सवाला उठून विचारायला आला.

एक शंका राहते. राजमा उकडून, ठेचून, तेलात परतून लावतात ना? ते तिकडं डुकराच्या चरबीत करतात असं वाचलं. शेंगदाण्याच्या तेलात केलं तर चालेल का, की वास मारेल? आणि प्यायला काय द्यायचं? कोल्ड्रिंक ठेवायची इच्छा नाही.

पुएब्लातून_परत

शेंगदाणा तेल उत्तम. घाण्याचं असेल तर कमी वापरा. कांदा लालसर होऊ द्या, जिरं जपून. जिऱ्याचा मारा ही सरहद्दीपलीकडच्या टेक्सासची सवय, पुएब्लाची नव्हे.

पूर्व_भाग

पेयांचं आमच्यावर सोपवा. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि ताटात गोंगुरा म्हणजे तुमची अंबाडी.

मेक्सिकोत आग्वा दे हामायका म्हणून गडद लाल सरबत गल्लोगल्ली विकतात. ते अंबाडीच्याच लाल बोंडांचं. भाजीवाली अंबाडी आणि लाल बोंडांची अंबाडी एकाच कुळीतल्या, पण तुम्हाला हवीत ती मांसल लाल बोंडं. हिवाळ्यात निघतात, सुकवलेली मार्चमध्येही मिळतात. अशोक चौकाकडच्या किराणा दुकानांत विचारा, नसतील तर मागवून देतात. मूठभर बोंडं लिटरभर पाण्यात उकळा, झाकून गार करा, गाळा, साखर घाला, बर्फ. आल्याचा तुकडा टाकला तर आणखी बरं, पण मग ते माझं, मेक्सिकोचं नाही. रंग असा येतो की कृत्रिम रंगाची बाटली लपवून ठेवलीय असं लोकांना वाटेल. काचेच्या बरणीत समोर ठेवा.

चिंचेचं पाणी तेही पितात. तिसरं ओर्चाता: तांदूळ आणि दालचिनी रात्रभर भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून. दूध घातलं नाही तरी पांढरं स्वच्छ दिसतं. उन्हात हेच सगळ्यात जास्त जाईल असं माझं मत. कलिंगड तर मार्चमध्ये ढिगानं असतंच.

आणि काउंटरवर राजगिऱ्याच्या वड्या ठेवा. तिकडं राजगिऱ्याच्या लाह्या मध किंवा गुळाच्या पाकात घालून, वर दाणे आणि भोपळ्याच्या बिया लावून वड्या करतात, आलेग्रिया म्हणतात. आपण उपासाला खातो, ते ॲझ्टेकांच्या, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या तिथल्या राज्यकर्त्यांच्या, काळापासून देवाला दाखवत आले. पोरांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही.

लई_तिखट

राजगिरा, अंबाडी, शेंगाचटणी, भाकरी. मग ह्यात मेक्सिकन काय हाय बे? हे तर माझ्या आजीकडं हाय.

पीठ_आणि_पाणी

तिखटराव, उलटं आहे. मिरची, टोमॅटो, मका, शेंगदाणा, राजमा, भोपळा, सगळं त्या खंडातून आलेलं. आजीनं घेतलं आणि आपलं करून टाकलं.

गल्ल्यावरचा_हिशेब

मी खानावळींचे हिशेब बघतो, म्हणून पैशाचं बोलतो. आठवडाभर रोज पूर्ण मेनू लावू नका. दोन गोष्टी कायम ठेवा (पोळीवरचं सारण आणि एक सरबत), तिसरी रोज बदला: एक दिवस भरली ढोबळी, एक दिवस भोपळ्याची फुलं मिळाली तर ती, शनिवार-रविवारी कापिरोतादा. नेहमीची थाळी बंद करू नका. घरचे चार जण येतात तेव्हा त्यातला एक सासरा असतोच, त्याला भाकरीच लागते.

मोजून विका. भिजवलेला मका संपला की पाटी उलटी करा. रात्री भिजवायचं ते दुसऱ्या दिवसाच्या अंदाजानं, म्हणून आदल्या संध्याकाळी फोनवर नावं घ्या. महागडं काही नाही यात, चीज सोडून. तेही सगळीकडं नको. तिकडचं ताजं चीज चुरून टाकतात, त्या जागी घरचं पनीर जरा मीठ लावून, दाबून, चुरून टाका. चीज फक्त नाचोज आणि मिरचीत.

तारखा ठरवताना दहावीची परीक्षा आणि पाडवा दोन्ही बघा. पाडव्याला लोक घरी श्रीखंड-पुरी खाणार, त्या दिवशी अक्कांना सुट्टी द्या.

छोटा_गल्ला

ठरलं मग. २१ मार्च मध्ये धरून आठवडा, पाडव्याला बंद. मेक्सिकन टोप्या आणि खोट्या मिशा लावायचा पुतणीचा बेत होता, तो मी रद्द केलाय. त्याऐवजी रंगीत कागद कातरून पताका लावणार. पुएब्ला भागातच तसल्या नक्षीच्या पताकांचं गाव आहे असं ती आता स्वतःच शोधून सांगतेय, आणि तारखेची चूक माझ्याच नावावर खपवतेय.

साल्सा माचा अक्कांनी करून दाखवली. तीळ जरा करपले म्हणून पुन्हा केली. त्यांचं म्हणणं, तेलात बुडवून ठेवली की चटणीचा जोर जातो. त्यामुळं टेबलावर दोन्ही वाट्या ठेवणार, त्यांची आणि व्हेराक्रूसची. कुठली आधी संपते बघू.

भोपळ्याची फुलं कुणाच्या शेतावर असतील तर निरोप पाठवा, सकाळी लवकर येऊन घेऊन जाईन. नर फुलंच तोडा, म्हणजे भोपळ्याचं नुकसान नको. अंबाडीची सुकी बोंडं दोन किलो लागतील, पूर्व भागवाल्या दादांनी दुकानाचा पत्ता खासगीत द्यावा.

लई_तिखट

येतो मी. नाचोज ठेव तेवढे. पार्सल मिळंल ना?

छोटा_गल्ला

नाचोज आहेत. पार्सल नाही. पोळी डब्यात गेली की घाम धरते आणि तळाची फाटते. बसूनच खा, पंख्याखालचं टेबल ठेवतो.